इंजिनाच्या पोटातले पाणी

श्रोतेहो, देवरूखहून साखरप्याला आणि तिथून आंबा घाटाने कोल्हापूरकडे जाताना एक देखावा हमखास दिसतो. चढावर रस्त्याच्या कडेला एखादा टेंपो उभा असतो. त्याचे बॉनेट वर केलेले, आतून वाफ निघते आहे, आणि ड्रायव्हर रिकामा डबा घेऊन खालच्या पऱ्याकडे उतरतो आहे. आपण थांबून विचारावे, "काय हो, काय झालं?" तर तो हसत म्हणतो, "काय नाय, गाडी जरा पानी खाते."

गाडी पाणी खाते! हे वाक्य आपल्याकडे इतके रुळले आहे की, त्यात काही बिघडले आहे असे कुणाला वाटतच नाही. म्हातारा माणूस जसा थोडा जास्त चहा पितो, तशी जुनी गाडी थोडे जास्त पाणी पिते, अशी सर्वांची समजूत. पण खरा प्रकार उलटा आहे. गाडी पाण्याला खात नाही, पाणीच गाडीला खात असते.

माझ्या माहितीतल्या एका टेंपोवाल्याची गोष्ट सांगतो. मे महिन्यात हापूसच्या पेट्या घेऊन तो कोल्हापूरला जात असे. दोन वर्षे त्याची गाडी रोज दोन-दोन लिटर पाणी 'खात' होती आणि तो इमानेइतबारे ते घालीत होता. एके दिवशी घाटात इंजिन बसले. पेट्या दुसऱ्या गाडीत चढवीपर्यंत निम्मा माल उन्हाने गेला. मिस्त्रीने इंजिन उघडून सिलिंडरचा लायनर त्याच्या हातात दिला. बाहेरच्या अंगाला, जिथे पाणी लागते तिथे, देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले होते आणि त्यातले एक-दोन आरपार गेले होते. त्यातून पाणी आत शिरून तेलात मिसळले होते. एका हंगामाची सगळी कमाई दुरुस्तीत गेली. तो बिचारा पुन:पुन्हा एकच सांगत होता, "मी पानी घालायला कधी चुकलो नाय हो!" आणि नेमके तेच कारण होते.

ते कसे, हे आज समजून घेऊ.

इंजिनात डिझेल जळते आणि उष्णता निर्माण होते. तिचा काही भागच चाक फिरवण्याच्या कामी येतो. बाकीची बाहेर टाकली नाही तर लोखंडही टिकणार नाही. म्हणून सिलिंडरांभोवती पाणी खेळवलेले असते. ते तिथली उष्णता घेते, रबरी नळीतून रेडिएटरमध्ये येते, बारीक नळ्यांतून उतरता उतरता पंख्याच्या वाऱ्याने निवते, आणि पंप त्याला पुन्हा इंजिनाकडे ढकलतो. असा हा फेरा दिवसभर चालू असतो. पाणी तेच. ते कुठे जात नाही आणि नवे येत नाही. याला आपण बंद फेरा म्हणू.

रेडिएटरचे झाकण साधे झाकण नसते, तिथे स्प्रिंगची झडप असते. ती आतला दाब धरून ठेवते. बाहेरच्या हवेपेक्षा एक वातावरण दाब जास्त असला, तर पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सियसला उकळते. म्हणून धडधाकट गाडीचे पाणी घाटातसुद्धा उकळत नाही. झाकणाची झडप सैल झाली की पाणी लवकर उकळू लागते आणि वाफ होऊन निघून जाते. चाळीस वर्षांचा ड्रायव्हरसुद्धा कधी कधी ह्या झाकणाला विचारात घेत नाही आणि उगाच रेडिएटरला दोष देतो.

आता आपल्या भागातल्या पाण्याकडे वळू. कोकणातला माणूस अभिमानाने सांगतो, "आमचं पाणी गोडं. तपेल्याच्या बुडाशी कधी पांढरी खपली धरत नाही." हे खरे आहे. देशावरच्या पुष्कळ विहिरींच्या पाण्यात चुन्याचे क्षार असतात. ते तापवले की भांड्याला खपली धरते आणि इंजिनातही धरते. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. हजारो वर्षांच्या अशा पावसाने डोंगरातला चुना कधीच धुऊन नेला. मागे उरले ते मुख्यत: लोखंडाचे आणि ॲल्युमिनियमचे प्राणवायूशी संयोग झालेले क्षार. तोच आपला जांभा. म्हणजे, श्रोतेहो, आपण ज्या तांबड्या चिऱ्यांची घरे बांधतो, तो एका परीने गंजलेला डोंगरच आहे!

अशा जांभ्यातून झिरपलेले पाणी हलके असते आणि बहुधा किंचित आम्लधर्मी असते, कारण पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डाय-ऑक्साइड वायू घेऊन उतरते, आणि ते आम्ल मारायला वाटेत चुना भेटत नाही. पिण्याला, डाळ शिजवायला, साबणाचा फेस यायला हे पाणी उत्तम. लोखंडाला मात्र ते वाईट. जड पाणी निदान खपलीचा पातळ थर धरून लोखंडाला थोडे झाकते. आपल्या पाण्यात तेवढेही नाही. ते सरळ लोखंडाला भिडते. म्हणून 'आमच्या पाण्याने खपली धरत नाही, तेव्हा रेडिएटरला कसली भीती' हा हिशोब चुकीचा आहे. देशावर इंजिन खपलीने गुदमरते, आपल्याकडे ते गंजाने झिजते.

पण पाणी कितीही आम्लधर्मी असले, तरी खरा चोर दुसराच आहे. तो म्हणजे पाण्यात विरघळलेला प्राणवायू. माशाला जो प्राणवायू जगवतो, तोच लोखंडाला मारतो. लोखंड, पाणी आणि प्राणवायू ही तिन्ही एकत्र आली की गंज होतो. यातले एक काढून घेतले की गंज जवळजवळ थांबतो.

शिक्षकांनी हा हिशोब फळ्यावर जरूर मांडावा. आपल्या हवेत, ३० अंशांच्या सुमारास, एक लिटर पाण्यात साधारण साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. एक ग्रॅम प्राणवायू सुमारे २.३ ग्रॅम लोखंडाचा गंज करू शकतो. समजा, फेऱ्यात २० लिटर पाणी मावते. पहिल्यांदा भरताना त्याच्याबरोबर १५० मिलिग्रॅम प्राणवायू आत गेला. सगळाच्या सगळा लोखंडाला लागला असे धरले, तरी ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे लोखंड गंजेल. मग प्राणवायू संपला. ते पाणी आता लोखंडाच्या दृष्टीने जवळजवळ निरुपद्रवी झाले. तसेच राहू दिले तर गंज पुढे फारसा चालणार नाही.

आता 'पाणी खाणारी' गाडी घ्या. रोज दोन लिटर, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे ६०० लिटर नवे पाणी. तीसपट पाणी, म्हणून तीसपट प्राणवायू. त्याला खाद्य मिळते दहा ग्रॅमांहून थोडे जास्त लोखंड, आणि त्याचा गंज होतो पंधरा-वीस ग्रॅम. तापताना थोडा प्राणवायू उडून जाईल, हे मान्य. पण जिथून पाणी गळते तिथून इंजिन थंड होताना हवाही आत ओढली जाते. ती ह्या हिशोबात धरलेलीच नाही.

कुणी म्हणेल, "एवढ्या जाडजूड इंजिनाला दहा ग्रॅमांनी काय होतं?" होते ते असे. हा गंज अंगभर सारखा पसरत नाही. तो जागा धरतो, आणि एकेका जागी खोल खड्डा पाडतो. डिझेल इंजिनाच्या लायनरला तर दुहेरी मार बसतो. प्रत्येक स्फोटाला लायनर थरथरतो. त्या थरथरीने बाहेरच्या पाण्यात वाफेचे सूक्ष्म बुडबुडे होतात आणि लगेच फुटतात. प्रत्येक बुडबुडा फुटताना लहानसा घण मारावा तसा पृष्ठभागाला मार देतो. वर आलेले संरक्षक पापुद्रे उडतात आणि गंजाला ताजे लोखंड मिळते. टेंपोवाल्याच्या लायनरवरचे व्रण ते हेच.

शिवाय सुटलेला गंज पाण्याबरोबर फिरतो आणि रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत जाऊन बसतो. नळ्या तुंबल्या की पाणी निवत नाही. निवत नाही म्हणून उकळते. उकळते म्हणून उडून जाते. उडून गेले म्हणून आपण नवे घालतो. नवे घातले की पुन्हा गंज. हे दुष्टचक्र एकदा सुरू झाले की ते इंजिन बसल्याशिवाय थांबत नाही.

आणखी एक भानगड आहे. फेऱ्यात एकच धातू नसतो. इंजिनाचा ठोकळा बिडाचा, वरचा हेड पुष्कळदा ॲल्युमिनियमचा, रेडिएटर तांब्या-पितळेचा किंवा ॲल्युमिनियमचा, आणि जोड शिशाच्या-कथलाच्या झाळणीचे. दोन वेगळे धातू एका पाण्यात एकमेकांना जोडून ठेवले की त्यांची छोटी बॅटरी तयार होते, आणि त्यातला एक धातू झिजू लागतो. पाण्यात मीठ असले की ही बॅटरी जोराने चालते. म्हणून खाडीकाठच्या खाऱ्या विहिरीचे पाणी किंवा राजवाडी-तुरळच्या गरम झऱ्यांचे पाणी रेडिएटरमध्ये घालू नये. ते झरे अंघोळीला चांगले. त्यांच्या पाण्यात पुष्कळ खनिजे विरघळलेली असतात.

मग उपाय काय? तो आपल्या आजीला ठाऊक होता. पितळेच्या पातेल्यात आंबट कालवण करायचे तर ती आधी कल्हईवाल्याची वाट पाही. कल्हई म्हणजे कथलाचा केसाएवढाही जाड नसलेला थर. पण तो आहे तोवर आंबटाचा आणि पितळेचा संबंध येत नाही. इंजिनाच्या पोटात हात घालून कल्हई करता येत नाही, म्हणून पाण्यातच असे औषध घालतात, जे फिरता फिरता धातूवर अदृश्य पापुद्रा धरते. बाजारात कूलंट म्हणून जे हिरवे, निळे, तांबडे पाणी मिळते त्यात हेच औषध असते.

ह्या औषधांचाही इतिहास आहे. पूर्वी जगभर क्रोमेट वापरीत. त्याने पाणी पिवळे होई आणि लोखंड फार चांगले राही. पण ते विषारी आणि कर्करोगाला कारण होणारे म्हणून ते मागे पडत गेले. त्याच्या जागी नायट्राइट, बोरेट, मॉलिब्डेट, सिलिकेट, सेंद्रिय आम्लांचे क्षार असे प्रकार आले. तांब्या-पितळेसाठी आणखी निराळे द्रव्य थोडे घालतात. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली, आणि २०२२ साली सगळ्या मार्गाचे विद्युतीकरण पूर्ण झाले. मधला बहुतेक काळ संगमेश्वर रोड स्टेशनावरून जाणाऱ्या गाड्या डिझेल इंजिनेच ओढीत. त्या प्रकारच्या इंजिनात हजार लिटरांहून जास्त पाणी फिरते. रेल्वेच्या शेडमध्ये त्यातले औषध कमी-जास्त झाले का हे तपासणे, हे तेल तपासण्याइतकेच नेमाचे काम असते. टेंपोचे पाणी वीस लिटर असले तरी शास्त्र तेच.

कूलंटमध्ये बहुधा ग्लायकॉल नावाचा द्रवही असतो. थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून तो मुख्यत: घालतात. आपल्या देवरूखला पाणी गोठण्याचे भय नाही, म्हणून काही जण म्हणतात, "हे थंड देशवाल्यांचं थेर, आपल्याला काय करायचंय?" पण ग्लायकॉलने पाण्याचा उत्कलनबिंदूही थोडा चढतो, आणि मुख्य म्हणजे त्याच्याबरोबर गंजाचे औषध येते. आपल्याला हवे आहे ते औषध.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगतो. औषधाची मात्रा पुरी हवी. काही औषधे अर्धवट पडली तर बहुतेक पृष्ठभाग झाकतात आणि थोडी जागा उघडी ठेवतात. मग सगळा गंज त्या उघड्या जागी एकवटतो आणि खड्डा लवकर आरपार जातो. म्हणून कूलंट एकदा भरून नंतर वर्षभर नुसते पाणी घालीत राहणे ही फसवणूक आहे. रंग दिसतो, पण औषध उरलेले नसते.

आपल्या जिल्ह्यात बंद फेरा केवळ टेंपोत नाही. मिरकरवाड्याच्या बंदरातल्या पुष्कळ मोठ्या यांत्रिक नौकांत इंजिनाभोवती गोडे पाणी फिरते आणि त्याला निववायला शेजारच्या नळ्यांतून समुद्राचे पाणी जाते. खाऱ्या पाण्याच्या बाजूला जस्ताचे तुकडे बसवतात. जस्त आधी झिजते आणि शेजारच्या धातूला वाचवते. बलिदानाची ही युक्ती हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने १८२४ साली जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यांसाठी सुचवली होती. जस्त संपले की नवे लावायचे, एवढेच तांडेलाने ध्यानात ठेवायचे.

आपल्या तालुक्यातली आय. टी. आय. झालेली मुले मुंबई-पुण्याच्या मोठ्या इमारतींत वातानुकूलनाच्या यंत्रांवर कामाला जातात. तिथेही थंड पाण्याचा बंद फेरा मजल्यामजल्यांतून फिरत असतो. थंड देशांत घरे उबदार ठेवायला गरम पाण्याचा असाच फेरा असतो, आणि तिथे तेच पाणी वर्षानुवर्षे राहते. अशा ठिकाणचा जाणता मिस्त्री पहिला प्रश्न विचारतो तो पाणी कसले आहे हा नव्हे, तर 'महिन्याला नवे पाणी किती घालावे लागते?' हा. ह्या एका आकड्यावरून त्याला फेऱ्याची प्रकृती कळते.

पाण्याच्या रंगावरूनही रोग ओळखता येतो. औषधाचा रंग तसाच आणि पाणी निर्मळ असेल तर प्रकृती ठीक. विटकरी-तांबडे गढूळ पाणी म्हणजे हवा आत शिरते आहे. काळी बारीक माती दिसली तर प्राणवायू कमी आहे, पण लोखंड मागे केव्हातरी झिजलेले आहे. सडक्या अंड्यासारखा वास आला तर आत जंतू वाढले आहेत. आणि दुधाळ, तेलकट तवंग दिसला तर गाडी हलवू नका. तेल आणि पाणी कुठेतरी एकत्र झाले आहे.

शिक्षक बंधुभगिनींना एक प्रयोग सुचवतो. चार बाटल्या घ्या. जस्ताचा मुलामा नसलेले चार खिळे काचकागदाने घासून चकचकीत करा. पहिल्या बाटलीत विहिरीचे साधे पाणी निम्मे भरून खिळा टाका. दुसरीत चांगले उकळून सोसवेल इतपत निवलेले पाणी काठोकाठ भरा, खिळा सोडा आणि वर खोबरेल तेलाचा थर द्या. तिसरीत साध्या पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवा. चौथीत चिमूटभर मीठ घाला आणि खिळ्याला तांब्याची तार गुंडाळा. आठ दिवसांनी मुलांना बघू द्या. पहिला खिळा तांबडा, चौथा त्याहून वाईट, दुसरा आणि तिसरा बऱ्यापैकी चकचकीत. प्राणवायू, मीठ, दोन धातू आणि अल्कली ह्या चार गोष्टी मुलांना पुस्तकाशिवाय कळतील. फक्त एवढे बजावून सांगा की, सोडा बाटलीत ठीक, रेडिएटरमध्ये नको. तो लोखंडाला वाचवील, पण ॲल्युमिनियमला खाईल.

शेवटी गाडीवाल्यांसाठी चार शब्द. पाणी कमी झाले तर ते कुठून गेले हे आधी शोधा. रबरी नळ्या, क्लिपा, पाण्याचा पंप आणि झाकण ह्या चार जागा पाहा. झाकण इंजिन पूर्ण निवल्याशिवाय उघडू नका. दाबाखालचे पाणी तोंडावर येऊन माणसे भाजली आहेत. कूलंट घालण्याआधी जुने पाणी काढा आणि स्वच्छ पाणी वाहू लागेपर्यंत फेरा धुवा. गाडीच्या पुस्तकात सांगितलेलेच कूलंट घ्या. दोन प्रकार एकत्र करू नका, रंग सारखा असला तरी. घट्ट कूलंट पातळ करायला बॅटरीत घालतात ते पाणी वापरा, आणि मात्रा डब्यावर लिहिली आहे ती ठेवा. तसेच मिसळलेले एक-दोन लिटर डब्यात भरून गाडीत ठेवा. पऱ्याचे पाणी अगदीच अडले तर घाला, गाडी मुक्कामाला आली की काढून टाका. आणि डब्यावर लिहिलेली मुदत संपली की कूलंट बदला. कल्हईसुद्धा जन्मभर पुरत नसते.

काढलेले कूलंट अंगणात, विहिरीजवळ किंवा पऱ्यात ओतू नका. ते चवीला गोड असते आणि विषारी असते. कुत्री-मांजरे ते चाटतात, लहान मूलही फसेल. झाकणबंद डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या.

त्या टेंपोवाल्याने नवा लायनर बसवला. हल्ली तो डब्यात मिसळलेले कूलंट ठेवतो, आणि गंमत म्हणजे तो डबा महिनोन्महिने तसाच भरलेला असतो. परवा भेटला तेव्हा मी विचारले, "काय, गाडी पाणी किती खाते?" तो म्हणाला, "आता कुठं खाते! आता ती उपाशीच."

बंद फेऱ्यातली गाडी पाण्यावाचून उपाशी राहिली, म्हणजे ती निरोगी आहे असे समजावे.